परदेशी चांदीची नाणी घरात ठेवणं गुन्हा नाही

प्रश्न : माझे पती मागच्या वर्षी वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांना नाण्यांचा फार नाद होता. मुलगा टोरांटोला असतो. कॅनडाच्या सरकारी टांकसाळीनं २०११ ते २०१३ मध्ये तिथल्या रानटी प्राण्यांची चांदीची नाणी काढली होती. ती तो येईल त्या खेपेला बाबांच्या वाढदिवसाची भेट म्हणून आणायचा. लांडगा, ग्रिझली अस्वल, कूगर, मूस, प्राँगहॉर्न आणि रानगवा अशी सहा प्रकारची, प्रत्येकी पाच, म्हणजे तीस नाणी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. सोबत पंचम जॉर्जचा १९११ सालचा चांदीचा एक रुपयाही आहे. लॉकरवर नॉमिनी मी आहे. एक व्यापारी म्हणतो की परदेशी चलन घरात ठेवणं गुन्हा आहे, पाच डॉलर लिहिलेत तेवढे देतो, नाहीतर उद्या छापा पडेल. धाकटे दीर सासूबाईंचा वाटा मागतात, आणि तो आपल्याकडेच द्या म्हणतात. मुलगा म्हणतो, सगळं इकडे घेऊन येतो, नाणी माझीच आहेत असं सांगू. ओळखीचे एक करसल्लागार म्हणतात, दर लक्ष्मीपूजनाला ही नाणी देवीपुढे मांडत होतात, म्हणजे घरगुती वस्तू झाली, विकली तरी कर नाही. घरात मी, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि सासूबाई. मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, त्या व्यापाऱ्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका. त्यानं सांगितलेला कायदा अस्तित्वातच नाही. परकीय चलनाचा कारभार १९९९ च्या फेमा कायद्यानं चालतो. जवळ काय आणि किती बाळगता येतं, हे त्याखालच्या २०१५ च्या नियमांत लिहिलेलं आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशी नोटा २,००० अमेरिकी डॉलरच्या मर्यादेपर्यंतच स्वतःजवळ ठेवता येतात, पण परदेशी नाण्यांना कसलीही मर्यादा नाही. तीस असोत की तीनशे. नाणी जमवणाऱ्या हजारो घरांना लागू असलेला हा नियम त्या व्यापाऱ्याला ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

आता त्याचा भाव पाहू. एक नाणं हातात घ्या. एका बाजूला राणी एलिझाबेथचा चेहरा, ‘५ डॉलर’ आणि साल. दुसऱ्या बाजूला प्राणी, त्याच्या आजूबाजूला ९९९९ हा आकडा आणि खाली इंग्रजी-फ्रेंचमध्ये ‘शुद्ध चांदी, १ औंस’. पाच डॉलर ही फक्त दर्शनी किंमत. नाण्याचं खरं मोल त्याच्या वजनात आहे. हा औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. तीस नाण्यांची मिळून ९३३ ग्रॅम चांदी होते, तीही ९९.९९ टक्के शुद्ध. म्हणजे एक किलोला अवघे ६७ ग्रॅम कमी असलेली चांदी तो माणूस तुमच्याकडून दीडशे डॉलरला मागतो आहे. त्या दिवशीचा चांदीचा भाव वर्तमानपत्रात बघा आणि गुणाकार स्वतः करा. या मालिकेतलं प्रत्येक नाणं दहा लाखांच्या मर्यादेत पाडलं गेलं, त्यामुळे ती दुर्मीळ नाहीत. तरी सहाही प्राण्यांचा पूर्ण संच जमलेला असला की संग्राहक चांदीपेक्षा थोडं जास्त देतात. म्हणून संच मोडू नका. आणि कृपा करून नाणी घासू नका. चांदीवर पांढुरके डाग दिसले तरी तसेच राहू द्या. घासलेल्या नाण्याला संग्राहक मोडीचाच भाव देतो.

‘पैसे कमी घे, नाहीतर तक्रार करतो’ असं तो पुन्हा म्हणाला, तर ती नुसती घासाघीस राहत नाही. भीती घालून मालमत्ता काढून घेणं ही खंडणी आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तो गुन्हा आहे. त्याचे मेसेज पुसू नका.

तुमच्या घरातला प्रश्न मात्र खरा आहे. पती मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वर्ग १ चे वारस सारख्या वाट्यानं मालक झाले. बायको, मुलगा, मुलगी आणि आई. म्हणजे तुम्ही चौघं, प्रत्येकी चौथा हिस्सा. मुलीचं लग्न झालं आहे म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. सासूबाई म्हाताऱ्या आहेत, त्यांना नाण्यांचं काय करायचं, असंही म्हणता येणार नाही. आपल्याकडे मुलगा गेल्यावर सुनेचं आणि नातवंडांचं नाव लागतं आणि म्हातारी आई कागदावरून गळते, हे मी कोर्टात वारंवार पाहते. कायद्यानं ती मुलाची पहिल्या फळीतली वारस आहे. तुमच्या दिरांनी आईचा हक्क बोलून दाखवला, त्यात ते चुकलेले नाहीत.

ते चुकतात ते पुढे. भाऊ हा वर्ग २ चा वारस आहे, आणि वर्ग १ मधलं एक जरी माणूस हयात असलं तरी त्याला काही मिळत नाही. आईचा वाटा आईच्या हातात द्यायचा, दिरांच्या नाही. पुढे तो कुणाला द्यायचा हे त्या माउलीनं ठरवावं, हवं तर मृत्युपत्र करावं. तसं न करता त्या गेल्या, तर त्यांचा वाटा त्यांच्या मुलामुलींकडे जाईल आणि गेलेल्या मुलाच्या जागी तुमच्या दोन्ही मुलांनाही त्यात हिस्सा मिळेल. हे दिरांना शांतपणे सांगा, भांडणाची निम्मी धार तिथेच जाईल.

नॉमिनी म्हणून सगळं माझंच, असं तुम्हाला बँकेत कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढा. नॉमिनीला बँक लॉकर उघडून देते, ऐवज ताब्यात देते, पण मालकी वारसांचीच राहते. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली विम्याच्या पैशांबाबत आणि २०२३ साली शेअर्सबाबत हेच सांगितलं. तुम्ही ती नाणी बाकीच्या तिघांच्या वतीनं सांभाळता आहात, असं समजून वागा.

मुलानं काढलेली वाट बाहेरून सोपी दिसते. नाणी मूळची त्याचीच, बाबांकडे नुसती ठेवायला दिली होती, असं म्हटलं की आजीचा आणि बहिणीचा हिस्साच उरत नाही. पण तुम्हीच लिहिलं आहे की ती वाढदिवसाची भेट होती. जंगम वस्तूची भेट हातात दिली की पूर्ण होते, त्याला नोंदणी लागत नाही. ज्या दिवशी त्यानं डबी बाबांच्या हातात ठेवली, त्या दिवशी नाणी बाबांची झाली. आता खोटं लिहून घेतलंत तर उद्या दिरांच्या वकिलानं उलटतपासणीत जुना एखादा फोटो किंवा मेसेज पुढे केला की सगळं कोसळेल, आणि त्यासोबत तुमच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जाईल. मुलाला तुम्हाला मदतच करायची असेल तर त्यानं आपला चौथा हिस्सा तुम्हाला बक्षीस म्हणून लिहून द्यावा. मुलाकडून आईला मिळालेल्या भेटीवर आयकर नाही.

मुलाकडून मला आणखी एक गोष्ट हवी आहे, आणि ती आजच मागवा. नाणी घेतल्याची मूळ बिलं, ईमेलवरच्या पावत्या चालतील. त्यानं ती भारतात आणताना विमानतळावर जाहीर केली होती का, हेही विचारा. दागिने सोडून इतर कोणत्याही रूपातली चांदी प्रवाशाला मिळणाऱ्या करमुक्त सवलतीत बसत नाही. तेव्हाच्या नियमांतही बसत नव्हती. म्हणजे दोन नाणी आणली तरी लाल मार्गानं जाऊन सांगायला हवं होतं. शुल्क भरल्याची पावती असेल तर जपून ठेवा. नसेल तर घाबरून कुठेही अर्ज करत सुटू नका, आणि नंतरची खोटी पावती तर अजिबात तयार करू नका. कर चुकवण्याचा हेतू असला तरी शुल्काच्या मागणीची नोटीस जास्तीत जास्त पाच वर्षांत काढावी लागते, आणि तो काळ कधीच उलटला. मात्र माल जप्त करण्याच्या कलमाला अशी मुदत लिहिलेली नाही. म्हणून मुलाचं उत्तर आल्यावर, ते काहीही असो, विक्रीआधी सीमाशुल्काची कामं करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा. हा सल्ला मी फोनवर किंवा पत्रातून पुरा देऊ शकत नाही.

बिलांचा दुसरा उपयोग कराचा. तुमच्या ओळखीच्या सल्लागारांचं म्हणणं आस्थेचं आहे, पण सर्वोच्च न्यायालयानं जवळजवळ याच गोष्टीचा निकाल १९७६ साली दिलेला आहे. धोलपूरचे महाराजराणा हेमंतसिंहजी यांनी सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी विकल्या होत्या. महालक्ष्मीच्या पूजेत त्या वापरल्या जातात, म्हणून त्या वैयक्तिक वापराच्या वस्तू आहेत आणि नफ्यावर कर नको, असा त्यांचा दावा होता. न्यायालयानं तो मानला नाही. वैयक्तिक वस्तू म्हणजे अंगावरची, रोजच्या निकटच्या वापरातली. वर्षातून एकदा पूजेत मांडलेली नाणी त्यात येत नाहीत. राजघराण्याला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळेल या भरवशावर विवरणपत्र कोरं ठेवू नका.

तसा कर काही धसका घ्यावा इतका नाही. वारसाहक्कानं नाणी मिळाली यावर कर नाही. विकाल तेव्हा भांडवली नफा मोजायचा. भेट आणि वारसा अशा साखळीनं आलेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणजे ज्यानं ती शेवटी पैसे मोजून घेतली त्याची किंमत, इथे तुमच्या मुलाची. त्याचं २०११ चं कॅनडातलं बिल नाशिकमध्ये तुमचा कर कमी करणार आहे, ते असं. धारणकाळही त्याच्या खरेदीपासून धरतात, त्यामुळे हा दीर्घ मुदतीचा नफा ठरतो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाईची वजावट न देता साडेबारा टक्के कर आहे. प्रत्येक वारसानं आपापल्या चौथ्या हिश्श्यावरचा नफा दाखवायचा. सासूबाईंना दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर मूळ सूट मर्यादेत तो बहुधा बसून जाईल. मुलगा अनिवासी आहे, त्याला ती सोय मिळत नाही आणि त्याच्या हिश्श्याच्या रकमेतून खरेदीदाराला कर कापावा लागतो. त्यानं हिस्सा आधीच तुम्हाला द्यावा म्हणतेय, त्याचं हेही एक कारण.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढाच दंड बसतो. म्हणजे दुकानदाराला नाही, तुम्हाला.

आता पंचम जॉर्जचा रुपया. मुलगा सगळं टोरांटोला न्यायचं म्हणतो, त्यात हा गेला तर थेट तुरुंगाचा प्रश्न येतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक बारीकसा हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला, मुसलमान समाज दुखावला, आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरून नवा ठसा आला. बरीचशी जुनी नाणी सरकारनं परत घेऊन वितळवली. म्हणूनच ११.६६ ग्रॅमचा हा रुपया संग्राहक चांदीच्या भावाच्या कितीतरी वर घेतात. पण त्याला शंभर वर्षं उलटून गेली आहेत, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर फक्त केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्था नेऊ शकते. इतर कुणी नेलं तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि वर दंड. घरात ठेवायला हरकत नाही, देशात विकायलाही नाही, फक्त विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना आहे का ते पाहा. मुलाला आजच फोन करून सांगा की तो रुपया त्याच्या बॅगेत जाणार नाही.

येत्या आठवड्यात लॉकर उघडाल तेव्हा मुलीला आणि शक्य असल्यास दिरांनाही सोबत न्या. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, प्राणी, साल आणि संख्या लिहून यादी करा, खाली सगळ्यांच्या सह्या. सासूबाई येऊ शकत नसतील तर यादी घरी वाचून दाखवा. त्यांना सही जमत नसेल तर अंगठा चालतो, पण शेजारचे दोन साक्षीदार घ्या, आणि त्यातला एकही तुमच्या किंवा दिरांच्या बाजूचा नको.