सिस्टिन्यूरिया घेऊन जर्मनीला जाताना

तुझी परिस्थिती अशी: घर नागपूरच्या प्रतापनगरला, लहानपणापासून सिस्टिन्यूरिया (लघवीत सिस्टिन जास्त उतरून मुतखडे होण्याचा आनुवंशिक आजार), दोनदा दुर्बिणीतून खडे काढलेले, आणि आता जर्मनीतल्या कंपनीची ऑफर हातात. आई म्हणते, हे दुखणं घेऊन परक्या देशात कशाला जातोस. तू विचारलंस की जावं का, आणि गेलो तर विमा, गोळ्या, सुट्ट्या यांचं काय. मलाही हाच आजार आहे, मीही नागपूरचीच, आणि बरीच वर्षं हानोव्हरला राहते. माझं उत्तर आहे, जा. फक्त विमा नीट निवड आणि कागद पूर्ण घेऊन निघ. बाकी सगळं इथे सांभाळता येतं.

आधी विमा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. इथे नोकरदारांसाठी दोन वाटा आहेत, पब्लिक आणि प्रायव्हेट. पब्लिक विमा कंपनीला तुझ्या जुन्या आजाराबद्दल विचारून तुला नाकारता येत नाही, हप्ताही आजार बघून ठरत नाही, पगारावर ठरतो. प्रायव्हेटवाले आधी प्रश्नावली भरून घेतात. आपल्यासारख्याला ते नाही म्हणतात किंवा हप्ता बराच वाढवून लावतात. प्रश्नावलीत आजार लपवला आणि पुढे उघडकीला आला, तर करारच रद्द होऊ शकतो, तोही नेमका शस्त्रक्रियेच्या वेळी. ठरावीक पगाराच्या खाली पब्लिक विमा सक्तीचाच असतो. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. तुझी ऑफर त्याच्या वर असेल तर एजंट तुला प्रायव्हेटचे कमी हप्ते दाखवतील. ऐकू नकोस. एकदा प्रायव्हेटमध्ये गेलास की परत पब्लिकमध्ये येणं फार अवघड असतं.

एक फट मात्र राहते. विमानातून उतरल्यापासून नोकरीचा पहिला दिवस उजाडेपर्यंत तू फक्त व्हिसासाठी काढलेल्या प्रवास विम्यावर असतोस, आणि त्यात जुने आजार साधारणपणे धरत नाहीत. म्हणून नोकरी सुरू व्हायच्या जेमतेम काही दिवस आधी पोहोच. चार आठवडे आधी येऊन युरोप बघायचा बेत असेल तर तो पुढच्या वर्षी कर.

कामाच्या व्हिसासाठी जर्मनी वैद्यकीय तपासणी मागत नाही. ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडाला कायम राहायला जाणाऱ्याची तपासणी होते आणि आजाराचा सरकारी खर्च किती होईल तेही पाहिलं जातं. मित्रांच्या अनुभवावरून घाबरला असशील तर हा फरक लक्षात घे.

आता आजाराचं. तुला माहीत असेलच, तरी आईला वाचून दाखव, कारण घरचे लोक नेहमीच्या मुतखड्याच्या हिशोबाने सल्ले देतात. पालक सोड, टोमॅटो सोड, पानफुटीचा पाला खा, कुळथाचं पाणी पी. यातलं पथ्य ऑक्सलेटच्या खड्यांचं. आपला खडा सिस्टिनचा, म्हणजे प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लाचा. मूत्रपिंड गाळलेलं सिस्टिन परत शोषून घेत नाही आणि ते लघवीत उतरतं. निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आतच सिस्टिन जातं, आपल्यापैकी अनेकांचं ४०० च्या वर. नेहमीच्या आम्लतेच्या एक लिटर लघवीत ते साधारण २५० मिलिग्रॅमच विरघळतं, उरलेलं स्फटिक होतं. दिवसाला ७५० मिलिग्रॅम जाणाऱ्याला म्हणूनच तीन लिटर लघवी लागते. पाणी तीन लिटर नव्हे, लघवी तीन लिटर. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात चार लिटर पाणी प्यायलो तरी अर्धं घामातून जातं, आणि म्हणूनच आपले खडे उन्हाळ्यात जास्त त्रास देतात.

तरीही मी म्हणेन की इथली थंडी उन्हाळ्यापेक्षा फसवी आहे. नागपुरात तहान स्वतःहून आठवण देते. माठ समोर असतो, कोणाच्याही घरी पाऊल टाकलं की पहिलं पाणी पुढ्यात येतं. इथे डिसेंबरात दिवसभर हीटरच्या खोलीत बसून तहान लागतच नाही. मीटिंगमध्ये कोणी पाणी विचारत नाही. पहिल्या हिवाळ्यात घड्याळाचा गजर लावून पी आणि आठवड्यातून एक दिवस लघवी मोजून बघ, म्हणजे किती प्यायलं की किती होतं ते कळेल. रात्री एकदा उठून पाणी पिणं इथेही चुकत नाही, कारण सकाळपर्यंत लघवी सगळ्यात दाट झालेली असते. नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे. बाटलीचं मिनरल वॉटर घेतलंस तर लेबल वाच: हायड्रोजनकार्बोनाट (बायकार्बोनेट) जास्त आणि नाट्रियुम (सोडियम) कमी असलेलं निवड. लघवीची आम्लता कमी होऊन ती अल्कलीकडे सरकायला त्याची मदत होते, आणि मग सिस्टिन जास्त विरघळतं.

मीठ कमी, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल; सोडियम वाढलं की सिस्टिनही जास्त उतरतं. नागपुरात शत्रू ओळखीचे असतात, सावजी रस्सा, लोणचं, चिवडा. इथे ते ब्रेडमध्ये, चीजमध्ये आणि सॉसेजमध्ये दडलेले असतात. ब्रेड गोड-बेचव वाटला तरी त्यात मीठ भरपूर असतं. घरी पोळी-भाजी करून खाणारा माणूस इथे फायद्यात राहतो. मांसाहार करत असशील तर प्रमाणात ठेव.

औषधांबद्दल. लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सिट्रेट किंवा तशीच सिट्रेटची पावडर इथे मिळते, आणि मुतखड्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिली तर पब्लिक विम्यात बसते. सिस्टिन विरघळतं ठेवणारं टायोप्रोनिनही मिळतं, नागपुरात ते मिळवताना जी धावपळ होते ती इथे होत नाही, पण औषधालय ते एक-दोन दिवसांनी मागवून देतं. ते घेत असशील तर लघवीतली प्रथिनं ठरल्याप्रमाणे तपासत राहा. प्रत्येक औषधामागे किमतीच्या १० टक्के, पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो आपल्याला द्यावे लागतात. वर्षभर सलग उपचार झाले आणि डॉक्टरांनी दीर्घकालीन आजाराचा दाखला दिला, तर हा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या एका टक्क्यावर थांबतो. पावत्या जपून ठेव.

येताना तीन महिन्यांपर्यंतची औषधं स्वतःसाठी आणता येतात. ती हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये नको, आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलेली. एक फार महत्त्वाचं: घरच्यांनी भारतातून औषधं पोस्टाने पाठवायची नाहीत. युरोपाबाहेरून माणसाला पोस्टाने औषध मागवणं इथे कायद्याने बंद आहे, कस्टम्स पार्सल अडवतं. त्यामुळे ते तीन महिने संपायच्या आत इथला यूरोलॉजिस्ट पक्का झाला पाहिजे, आणि त्याची वेळ मिळायला आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात घराजवळचा हाउसआर्झ्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठ आणि यूरोलॉजिस्टसाठी चिठ्ठी घे. इथले यूरोलॉजिस्ट स्वतःच्याच दवाखान्यात सोनोग्राफी करतात, ही मोठी सोय आहे.

निघण्यापूर्वी नागपुरातून गोळा करायचे कागद: काढलेल्या खड्याचा विश्लेषण अहवाल, शेवटच्या सीटी स्कॅनची सीडी, चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीचे आकडे, दोन्ही शस्त्रक्रियांचे डिस्चार्ज कार्ड, क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट. खड्याचा अहवाल सगळ्यात वर ठेव. तो नसेल तर नवा डॉक्टर साधा कॅल्शियमचा खडा समजून बाहेरून शॉकवेव्ह द्यायचा विचार करेल, आणि सिस्टिनचा खडा त्या लाटांना सहजी फुटत नाही. एमएससी-बीई झालेल्या माणसालाही रात्री दोन वाजता कळांनी लोळताना जर्मनमध्ये आजाराचं नाव सुचत नाही, म्हणून फोनमध्ये एक वाक्य लिहून ठेव: इख हाबे त्सिस्टिनुरी, म्हणजे मला सिस्टिन्यूरिया आहे. कळ असह्य असेल, किंवा कळेबरोबर ताप-थंडी असेल, तर थेट ११२ ला फोन कर. तेवढं गंभीर नसेल पण दवाखाना बंद असेल तर ११६११७.

सुट्ट्यांची काळजी सोड. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, त्यानंतर विमा कंपनी पगाराचा काही भाग देते. आजारपणाच्या दाखल्यावर आजाराचं नाव मालकाला दिसत नाही. मी माझ्या टीमला मात्र सांगून ठेवलंय, कारण बाटली आणि वारंवार उठणं त्यांना समजावं असं मला वाटतं. ते तुझ्यावर आहे.

लग्नाबद्दल तू शेवटी दबक्या आवाजात विचारलंस. आजाराचा जनुकीय दोष बहुतेक घरांत दोन्ही पालकांकडून यावा लागतो. जोडीदाराकडे तो जनुकीय दोष नसेल तर मुलं फक्त वाहक होतात, म्हणजे दोष अंगात असतो पण आजार होत नाही; क्वचित एखाद्या प्रकारात वाहकालाही खडे होतात. आते-मामे नात्यात लग्न ठरत असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या. आणि तुझ्या धाकट्या बहिणीलाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. तिला अजून त्रास नाही म्हणून तपासणी राहिलीय असं तू लिहिलंस. तू निघण्याआधी तिची सोनोग्राफी आणि लघवीतल्या सिस्टिनची तपासणी करून घे. तू इथे आल्यावर आईला एकटीने हे करायला लागू नये.