क्लब सोडू नकोस

चि. बाळा,

इथे आयर्लंडात गेलिक फुटबॉलच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मायनर (कुमार) संघात नाव आलं नाही म्हणून क्लब बदलायचा? शहराकडच्या मोठ्या क्लबात गेलास की निवड करणाऱ्यांच्या नजरेत भरशील, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. क्लब सोडू नकोस.

केरी काउंटीच्या डेव्हिड क्लिफर्डने 2017च्या मायनर फायनलमध्ये डेरी काउंटीविरुद्ध एकट्याने 4 गोल आणि आडव्या दांड्यावरून 4 पॉइंट मारले. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे तिकडचे पगारी क्लब त्याच्यावर डोळा ठेवून होते. हा पठ्ठ्या किलार्नीशेजारच्या आपल्या गावच्या क्लबात, फॉसातच राहिला. शाळेत शिकवतो. केरीबरोबर 2022 आणि 2025ची ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला, आणि मधे जानेवारी 2023मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर उतरला तो फॉसाच्या जर्सीत, तिसऱ्या श्रेणीच्या क्लबांच्या फायनलला. तीही जिंकले. "तो क्लिफर्ड आहे, काका," असं म्हणशील. अरे, फॉसात सुरुवात केली तेव्हा तोही कुणीच नव्हता!

टायग केनेलीचं नाव तर तू मला ऐकवूच नकोस. केरीचा पोरगा, गेला सिडनीला ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला, 2005 साली तिथली फायनल जिंकला, कबूल. पण 2009मध्ये परत आला तो केरीसाठीच.

आणि मोठा क्लब तुला देणार काय? या खेळात पगार नाही, 1884पासून नाही. काउंटीचे मोठमोठे खेळाडूसुद्धा सकाळी नोकरीवर जातात. तुला चार पावलांत चेंडू चवड्यावरून परत हातात घ्यायला (सोलो म्हणतात तो) शिकवलं ते आपल्या क्लबातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, भर पावसात. मॅचच्या आदल्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेघा मारतात तेही तेच. त्यांना काय सांगणार आहेस?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा, तालमीचा. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धी बंद. मला बाहेरगावच्या एका संघाचं बोलावणं आलं होतं, नोकरीसकट. नाही गेलो. दादा अजून फोनवर ऐकवतो, आज पेन्शन असती म्हणून. असती. कधीकधी सलतंही. पण गेलो असतो तर पुढे स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसलो असतो, सांग. आता मग देश कसा सोडलात, असा फाटा फोडू नकोस. पोटासाठी आलो. खेळायला पेठ सोडली नाही, हा फरक तुला कळत नसेल तर तुझ्या आईबाबांना विचार.

तुझं नाव का आलं नाही तेही सांगतो, राग मानू नकोस. तुझा डावा पाय कच्चा आहे. समोरच्याने उजवीकडून दाबलं की तू घाईने हँडपास करून मोकळा होतोस. हे मोठ्या क्लबात जाऊन सुधारणार आहे का? तिथे तुला बाकावर बसवतील आणि डावा पाय कच्चाच राहील.

शनिवारी सकाळी मैदानावर ये. फक्त डाव्या पायाचे सोलो करायचे, दुसरं काही नाही. ट्रान्सफरचा अर्ज भरला असशील तर मला दाखवू नकोस, फाडून टाकेन. काकूने थालीपीठ करते म्हणून सांगितलंय, तेव्हा उपाशी आलास तरी चालेल.

तुझा,
काका