मुंबईत सोसायटीने वीज कंपनी बदलावी की गच्चीवर सोलर बसवावे?

अंधेरीची सोसायटी, 24 फ्लॅट, कॉमन मीटर महिना 900 युनिट, हे तुम्ही लिहिलेत ते बरे केले. सोलर बसवा. कंपनी बदलायचे नंतर बघा.

उपनगरात टाटा की अदानी अशी निवड करता येते हे खरे. पण तारा जुन्याच कंपनीच्या राहिल्या तर वहन आकार, म्हणजे वीज वाहून आणण्याचे भाडे, त्या तारांचाच लागतो, वर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांची सवलत भरून काढणारी रक्कम. नुसता युनिटचा दर बघून सभेत ठराव मांडणारे सेक्रेटरी नेमके हेच विसरतात. हे दर कंपनी नाही, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.

आयोगाच्याच टप्प्यांमुळे सोलर परवडते. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचे मीटर घरगुती दरात येते आणि युनिटचा दर 100, 300, 500 युनिटांनंतर चढत जातो. तुमच्या 900 पैकी 500 च्या वरची 400 युनिटे सर्वांत महाग टप्प्यात पडतात. सोलरची युनिटे वजा होतात तीही वरच्या टोकापासून. 5 किलोवॅट कोरड्या महिन्यात साधारण 600 युनिट देते, म्हणजे बिलात उरतात 300. जुलैत उत्पादन निम्म्यावर आले तरी वरच्या टप्प्यातले 300 वाचतात. जास्तीची युनिटे 31 मार्चपर्यंत पुढे ओढली जातात. स्थिर आकार मात्र सुटत नाही.

500 चौरस फूट मोकळी जागा लागेल. टाकीची सावली डिसेंबरात तपासा, तेव्हा ती सर्वांत लांब पडते. एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीचे उत्पादन घसरते. स्लॅबला भोके पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फाटले की वरच्या मजल्यावर गळती आणि पुढची तीन वर्षे भांडणे. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर गॅल्वनाइज्ड सांगाडा उभारा, समुद्राची हवा साधे लोखंड खाते. मंजूर भार, म्हणजे कंपनीने त्या मीटरला मंजूर केलेले किलोवॅट, 5 पेक्षा कमी असेल तर तोही वाढवावा लागतो.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे 18,000, म्हणजे 90,000 मिळतात. पॅनल भारतीय सेलचेच हवेत. पैसे नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे मीटर) बसून तपासणी झाल्यावर येतात, तेव्हा ठेकेदाराची पूर्ण रक्कम आधी हाताशी ठेवा.

‘सरकारी कंपनी असती तर स्वस्त पडली असती’ असे कोणीतरी म्हणणारच. मुंबई शहरात वीज देणारी आणि बस चालवणारी बेस्ट महापालिकेचीच आहे, आणि तिच्या बसचा तोटा काही वर्षे वीजग्राहकांच्या बिलातून वसूल झाला. मंजुरी आयोगाचीच होती. दरवाढीच्या याचिकेवर आयोग हरकती मागवतो, जाहिरात मराठी पेपरात येते, आणि हरकत घेणारे बोटांवर मोजण्याइतके.

हो, पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर थांबा. पॅनल काढून नेता येतात, पण नव्या इमारतीत नेट मीटरचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. आणि सोलरने तुमच्या घरचे बिल घटणार नाही, घटेल तो मेंटेनन्स.