पोस्टग्रेस सर्व्हरवर नेमके कशाकशावर लक्ष ठेवावे?

सीपीयू आणि मेमरीचे आलेख दिवसभर ठीक दिसत असूनही अखंड चालू राहायला हवा असा आपला पोस्टग्रेस सर्व्हर मध्येच अडला, तेव्हा यापुढे काय तपासत राहावे, असे आपण विचारले आहे. हे आलेख मशिनची तब्येत सांगतात. डेटाबेसचे दुखणे बहुधा दुसरीकडेच असते.

मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर, बंद केलेल्या रेप्लिकाचा (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे त्या प्रतीने कुठवरचे बदल घेतले याची मुख्य सर्व्हरवरील नोंद, काढायचा राहून गेला (चूक माझीच होती). रेप्लिका कधीतरी परत येईल असे धरून सर्व्हर वॉल फाइली (WAL, डेटाबेसमधील प्रत्येक बदलाची नोंदवही) साठवत राहिला आणि एका रात्री डिस्क भरून डेटाबेस बंद पडला. सीपीयू त्या वेळीही निवांत होता. तेव्हापासून प्रत्येक स्लॉटने किती वॉल अडवून धरली आहे, यावर मी इशारा लावतो. आवृत्ती 13 पासून या साठ्याला मर्यादा घालता येते, मात्र ती आपण स्वतः घालावी लागते, कारण मूळ सेटिंगमध्ये ती नसते.

दुसरे मोजमाप सर्वांत जुन्या उघड्या ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पुरे किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) वयाचे. एखादे ॲप्लिकेशन ट्रान्झॅक्शन सुरू करून तसेच सोडून देते, त्याने घेतलेली लॉक सुटत नाहीत आणि व्हॅक्यूम या साफसफाईच्या कामालाही मृत, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या जुन्या, ओळी साफ करता येत नाहीत. याच्याशीच ट्रान्झॅक्शन क्रमांकांचा प्रश्न जोडलेला आहे: हे क्रमांक 32 बिटांचे असल्यामुळे व्हॅक्यूमने न गोठवलेल्या (कायमचे जुने अशी खूण न केलेल्या) क्रमांकांचे वय 200 कोटींच्या पुढे हद्दीशी पोहोचले की सर्व्हर नवे क्रमांक देणेच थांबवतो. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, मूळ सेटिंगप्रमाणे या गोठवणीसाठी 20 कोटींवर जागे होते, म्हणून मी 50 कोटींवर इशारा ठेवतो. तिथवर आकडा गेला, तर व्हॅक्यूम कुठेतरी अडला आहे असे समजावे. कनेक्शनची संख्या पाहावीच, त्यावर अधिक सांगण्यासारखे नाही.

बॅकअपबाबत गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा 31 जानेवारी 2017 चा प्रसंग पाहावा. मुख्य सर्व्हरवरील डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा रोजचा बॅकअप पोस्टग्रेसच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता, असे उघड झाले. अपयश कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. सुमारे 6 तासांचा डेटा गेला. म्हणूनच केवळ अपयशाच्या निरोपाची वाट न पाहता शेवटचा यशस्वी बॅकअप किती तासांपूर्वीचा आहे, हे दुसऱ्या मशिनवरून मोजावे आणि दर आठवड्याला तो तिथे उभा करून मुख्य तक्त्यातील सर्वांत नवी नोंद कोणत्या वेळेची आहे, ते पाहावे.