पाटी लावली म्हणजे सुटलो का?

वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

प्रश्न : नाशिकला आमचं स्वतंत्र घर आहे, पुढे छोटं अंगण. सहा वर्षांचा लॅब्राडोर आहे. आजवर तो कुणालाही चावला नव्हता. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी ठळक पाटी आहे. गेल्या महिन्यात गॅस सिलिंडर घेऊन आलेला मुलगा कडी काढून सरळ आत आला. कुत्रा अंगणात मोकळा होता, त्याने त्या मुलाची पोटरी धरली. जखम खोल आहे, मुलगा अजून लंगडतो. आता पोलीस ठाण्यातून बोलावणं आलंय. पाटी वाचूनही तो न विचारता आत आला, मग दोष आमचा कसा?
– एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : काका, तुम्हाला आवडणार नाही, पण स्पष्ट सांगते. पाटीच्या आधारावर तुम्ही यातून सुटाल असं मला वाटत नाही. उलट सरकारी वकील तीच पाटी तुमच्यासमोर धरून विचारेल, की कुत्र्यापासून धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच ना ही लावलीत?

आधी कलम समजून घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ म्हणतं, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असेल, तर तो टाळायला पुरेशी काळजी घेतली पाहिजे. ती जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुन्या दंड संहितेचं कलम २८९ लागतं. तिथे कैद तेवढीच, दंड मात्र फक्त एक हजार. 'ताब्यातल्या' हा शब्दही नीट पाहा. परवाना कुणाच्या नावावर आहे एवढ्यावर भागत नाही. त्या वेळी कुत्रा ज्याने सांभाळायचा, त्याच्यावरही बोट येऊ शकतं.

तुमचा बचाव मुळीच नाही असं नाही. धोका 'संभवनीय' होता का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. सहा वर्षांत एकही चावा नाही, लसीकरण वेळच्या वेळी, स्वभाव शांत, हे सगळं तुमच्या बाजूने सांगता येईल आणि तुमचा वकील ते सांगेलच. कुणाला निसटतं खरचटलं असतं तर या कलमाखाली केस उभी राहणंही अवघड होतं. पण इथे जखम खोल आहे, आणि सिलिंडर देणारा मुलगा म्हणजे भिंतीवरून उडी मारून आलेला चोर नव्हे. नंबर लावून तुम्हीच सिलिंडर मागवला होता. पोस्टमन, दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, हे सगळे आपल्या फाटकातून आपल्याच कामासाठी आत येतात. अंगावर एवढं जड ओझं असताना त्याने पाटी वाचून, बेल वाजवून, उन्हात थांबायला हवं होतं, हा युक्तिवाद मॅजिस्ट्रेटसमोर मी स्वतः करणार नाही.

'साहेब, तो कधीच चावत नाही हो,' हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात इतक्या मालकांकडून ऐकलंय! ते खोटं बोलत नसतात. घरच्यांना तो खरंच चावत नाही. पण कायदा कुत्र्याच्या स्वभावाचा दाखला मागत नाही, मालकाने काय केलं ते विचारतो. फाटकाला आतून कुलूप होतं का? डिलिव्हरीच्या वेळी कुत्रा बांधला होता का? तुमच्या पत्रातली 'कडी काढून' आणि 'मोकळा' हे दोन शब्द मला सगळ्यात जड वाटतात.

अशा केसमध्ये शिक्षा होतच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मुंबईत २०१० मध्ये एका रॉटवायलरने मालकाच्याच वृद्ध नातेवाइकाला चावलं होतं. त्यात २०२३ साली मालकाला तीन महिन्यांची कैद झाली. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला, त्यात २०२५ मध्ये चार महिने. निकालाला किती वर्षं लागली ते बघा. तितकी वर्षं तारखा तुम्हालाही पडू शकतात.

म्हणून आता काय करायचं ते सांगते. पोलीस ठाण्यात जा, टाळू नका. गुन्हा दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात असा, असला तरी जामीनपात्र आहे, जामीन हा तुमचा हक्क आहे. लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा परवाना असेल तर तो, दोन्हीच्या प्रती न्या. जबाबात कुत्रा बांधलेला होता असं कुणाच्या सांगण्यावरून लिहून देऊ नका. समोरच्या घरचा कॅमेरा असतोच.

आणि त्या मुलाला भेटा. हे मी वकील म्हणून सांगतेय आणि माणूस म्हणूनही. या मुलांचं पोट रोजच्या फेऱ्यांवर असतं, लंगडत्या पायाने सिलिंडर जिन्यावरून चढत नाही. लशीचे डोस, औषधं, बुडालेली मजुरी, सगळ्याचा हिशेब करून पैसे द्या, बँकेतून द्या, पावत्या ठेवा. हजार-दोन हजार हातावर ठेवून 'माझी काही तक्रार नाही' असा कागद मात्र लिहून घेऊ नका. एक तर ते अन्यायाचं आहे. शिवाय हे कलम परस्पर तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोघांची संमती असली तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. तुम्ही मनापासून भरपाई दिली असेल तर तिथे तिचं वजन पडतं. दिवाणी दावा त्याला वेगळा करता येतो, आणि शिक्षा झाली तर फौजदारी कोर्टही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३९५ खाली भरपाई द्यायला सांगू शकतं.

प्रश्न : मी चार घरी धुणीभांडी करते. ज्या इमारतीत काम करते तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने जिन्यात माझ्या हाताला चावा घेतला. साखळी मालकाच्या मुलाच्या हातातून सुटली होती. पोलिसांनी नुसती एनसी लिहून घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. मालक म्हणतात, तूच घाबरून पळालीस म्हणून चावला. माझ्याकडे वकिलाला पैसे नाहीत.
– एक भगिनी, ठाणे (मुलीने लिहून पाठवलेलं पत्र)

उत्तर : ताई, आधी हाताचं. पाच डोस सांगितले असतील तर पाचही घ्या, हात बरा वाटला तरी मधेच सोडू नका. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. जखम खोल असेल तर लशीशिवाय जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन असतं, इम्युनोग्लोब्युलिन. ते दिलं का, हे डॉक्टरांना विचारा. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहिते : चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

आता पोलिसांचं. एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कलम २९१ दखलपात्र आहे. साखळी हातातून सुटली, तुमच्या हातावर दातांचे व्रण आहेत, दवाखान्याचा केसपेपर आहे, मग एफआयआर घ्यायला हवा. लेखी अर्ज करा आणि पोचेचा शिक्का घ्या. तरी घेत नसतील तर ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांकडे टपालाने तक्रार पाठवा, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

वकिलाचे पैसे तुम्हाला लागणारच नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आधार कार्ड आणि केसपेपर घेऊन जा. माझ्याकडे एक वॉचमनकाका आले होते, त्यांनी दवाखान्याचा प्रत्येक चिटोरा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत जपून ठेवला होता. रिक्षाची चिठ्ठीसुद्धा. त्या पिशवीमुळे त्यांची भरपाई ठरवताना समोरच्या वकिलाला एका आकड्यावरही वाद घालता आला नाही. तुम्हीही तसंच करा. ज्या दिवशी कामावर जाता आलं नाही, ते दिवस मुलीला वहीत लिहायला सांगा आणि चारही घरच्या बायकांकडून किती पगार कापला ते लिहून घ्या.

'घाबरून पळालीस' याची काळजी करू नका. जिन्यात अंगावर कुत्रा आल्यावर माणूस पळतोच. तुम्ही त्याला दगड मारला असता, काठीने डिवचलं असतं, तर गोष्ट वेगळी. असं म्हणणं एका कष्टकरी बाईच्या तोंडावर फेकावं, याचा मला राग येतो.

प्रश्न : आई पर्यटक व्हिसावर आमच्याकडे एडिसनला आली आहे. फुटपाथवर फिरताना शेजाऱ्यांचा कुत्रा तिला चावला. शेजारी मराठीच आहेत, मंडळात नेहमी भेटतात. ते म्हणतात, कुत्रा आधी कधी चावला नाही म्हणून कायद्याने आमची जबाबदारी नाही. संबंध बिघडतील म्हणून गप्प बसावं का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : शेजारी जे सांगतायत तो जुन्या इंग्रजी कायद्याचा नियम आहे. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांत त्याची सावली अजून दिसते : मालकाला कुत्र्याचा चावरेपणा आधी माहीत होता, किंवा त्याने निष्काळजीपणा केला, हे दाखवावं लागतं. न्यू जर्सीत तसं नाही. तिथल्या कायद्याने सार्वजनिक जागेत असलेल्या किंवा खासगी जागेत हक्काने आलेल्या माणसाला कुत्रा चावला, की मालक जबाबदार. आधीचा इतिहास, मालकाची माहिती, दोन्ही गैरलागू. व्हिसा पर्यटकाचा असला तरी आईंचा हक्क कमी होत नाही.

शेजाऱ्यांच्या खिशालाही बहुधा हात लागणार नाही. घराच्या विम्यात असे दावे सहसा येतात, मात्र काही पॉलिसी ठरावीक जातींचे कुत्रे वगळतात. त्यांना विमा कंपनीला कळवायला सांगा, आणि हे रागाने नको, चहाला बोलावून सांगा. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, पण आई परत यायच्या आधी जखमेचे फोटो, डॉक्टरांची बिलं आणि त्यांचं स्वतःच्या शब्दांतलं निवेदन तयार ठेवा. तिथले इजेच्या दाव्यांचे वकील बहुतेक वेळा आगाऊ फी न घेता मिळालेल्या भरपाईतला हिस्सा घेतात. भारतात वकिलांना तशी परवानगी नाही. सही करण्यापूर्वी टक्केवारी आणि खर्च कोण करणार, हे दोन्ही करारात वाचून घ्या.