डिपॉझिट बुडवतो तो मालक नव्हे, कॅलेंडर

घणसोलीच्या एका ताईंचं पत्र आहे. रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला जातात. दरमहा भाडं झेपत नाही म्हणून दागिने मोडून 5 लाख हेवी डिपॉझिट भरलं आणि बिनभाड्याची रूम-किचन घेतली. करार 11 महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर, नुसता नोटरी केलेला. तो 31 जुलै 2023 ला संपला, खोली त्यांनी 31 ऑगस्टला सोडली. तेव्हापासून मालकाचं एकच पालुपद, ‘नवीन पार्टी आली की देतो.’ 2024 च्या दिवाळीत 20 हजार गुगल पेवर आले, पुढे शुकशुकाट. ऐरोली, कोपरखैरणे, कळव्याहूनही अशीच पत्रं येतात.

ताई, पैसे हातात पडल्याशिवाय चावी का दिलीत? तुमचा सगळा जोर त्या चावीत होता.

आता एकच गोष्ट बघा. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत 3 वर्षं आहे. ती करार संपल्यापासून मोजायची की खोली सोडल्यापासून, यावर वाद होऊ शकतो. तुम्ही त्या वादात पडू नका, आधीची तारीख धरा. म्हणजे 31 जुलै 2026 च्या आत दावा दाखल झालाच पाहिजे. वकिलाची नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार दिली म्हणून थांबत नाही. मालकाच्या फोनवरच्या शब्दाने तर नाहीच. मुदत संपायच्या आत त्याने ‘इतके देणे आहे’ असं लिहून सही करून दिलं, तर त्या तारखेपासून नवी 3 वर्षं मिळतात. गुगल पेचे 20 हजार किंवा व्हॉट्सॲपवरचं ‘देतो ताई’ तेवढं काम करेल का? कदाचित करेल, पण त्यावर विसंबू नका. बँक स्टेटमेंट आणि मेसेज मात्र जपून ठेवा.

करार रजिस्टर नाही म्हणून हातपाय गाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. ती केली नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ‘रजिस्टरला खर्च फार येतो’ असं त्याने सांगितलं आणि तुम्ही मान्य केलंत, याचा मला राग येतो. 5 लाख डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, म्हणजे 50 हजार. त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 125 रुपये. शहरात नोंदणी फी 1000. एजंट वरचे थोडे घेईल. एवढ्यासाठी 5 लाख उघड्यावर ठेवलेत.

दावा साधा लावायचा की समरी सूट, म्हणजे लेखी कागदाच्या जोरावर झटपट निकाल मागणारा दावा, हे मूळ कागद पाहून तुमचा वकील ठरवेल. डिपॉझिटपैकी काही रोख दिली असेल आणि करारात रक्कम पूर्ण लिहिलेली नसेल, तर अडचण वाढेल. कोर्टात किती वर्षं जातील, ते मी सांगणार नाही. तारखांवर तारखा पडतात, आणि त्यात तुमच्यासारख्यांचा पगार कापला जातो, हे रोज बघतो.

वकिलाची फी परवडत नाही, असं लिहिलंय. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 खाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. करार, बँक पासबुक, मेसेजचे प्रिंट आणि आधार कार्ड सोबत न्या. अर्ज मंजूर होऊन वकील नेमला जाईपर्यंत दिवस जातात, तेव्हा याच आठवड्यात जा आणि मुदतीची तारीख अर्जातच ठळक लिहा.