थकलेल्या टी-पेशी

प्रश्न : माझ्या भावाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू अनेक वर्षे आहे. औषध चालू असूनही शरीर त्याला हुसकावून का लावत नाही?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वर्षानुवर्षे विषाणूशी झुंजणाऱ्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) थकतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावरील पीडी-१ हे प्रथिन त्यांना सतत आवर घालत राहते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील, मूळचे हैदराबादचे डॉ. रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दीर्घकाळ संसर्ग झालेल्या उंदरांमध्ये हा आवर रोखला, तेव्हा त्या पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि विषाणूचे प्रमाण घटले. हिपॅटायटिस बीचा डीएनए मात्र यकृतपेशींच्या केंद्रकातही दडून राहतो. यात भावाचा काहीही दोष नाही, हे घरात आवर्जून सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय भावाला औषध थांबवू देऊ नका आणि घरातील इतरांनी रक्त तपासून लस घ्यावी.